ती मांजरं बेवारस नाहीत, आपा

आपा,

तुमच्या शोकसभेत मी मधेच उठून उभी राहिले आणि म्हणाले, "हे खोटं आहे."

प्राण्यांच्या निवाऱ्याच्या अंगणात पत्र्याच्या शेडखाली खुर्च्या मांडल्या होत्या. टेबलावर तुमचा फोटो होता. आधार कार्डावरचा काढून मोठा केलेला, त्यामुळे फोटो काढणाऱ्यावरच चिडल्यासारख्या दिसत होता तुम्ही. त्याला झेंडूचा जाड हार घातला होता. तुम्हाला हार चालला असता का, हे कुणी विचारलं नव्हतं. निवाऱ्याच्या कमिटीचे सचिव बोलत होते. "शकिलाआपांना मांजरांचं वेड होतं. मांजर दिसलं की आपा स्वतःला विसरायच्या. पोटी लेकरू नव्हतं, तर मांजरांनाच त्यांनी लेकरं मानलं." मागच्या रांगेतल्या बायका पदरानं डोळे टिपायला लागल्या, आणि माझ्याच्यानं बसवेना.

"बाई, बसा," सचिव हळूच म्हणाले.

मी बसले नाही. पंचवीस वर्षं केजच्या शाळेत मराठी शिकवतेय, मला उभं राहून बोलायची सवय आहे. मी म्हणाले, "आपांना मांजरांचं वेडबिड काही नव्हतं. मांजरं त्यांना आवडतसुद्धा नव्हती. केसांनी त्यांना शिंका यायच्या. तोंडाला ओढणी बांधून त्या मांजरांच्या खोलीत जायच्या. नऊ वर्षांत एकाही मांजराला त्यांनी मांडीवर घेतलेलं मी पाहिलं नाही."

लोकांना वाटलं, दुःखानं बाईंचं डोकं फिरलं. कुणीतरी पाणी आणून दिलं. डोकं ठिकाणावर होतं, आपा. एक विधवा बाई होती, बिचारी, मांजरांत जीव रमवायची, असं म्हटलं की तुम्ही एकदम छोट्या होऊन जाता. मग तुमचा फोटो भिंतीला लावायला आणि तुमचं काम बंद करायला हे मोकळे. ते मला चालणार नव्हतं. आजही चालत नाही.

मला तुम्ही पहिल्या भेटीतच चोर म्हणाला होता. आठवतंय? शाळेच्या खेळाच्या साहित्याच्या खोलीत मला एक मांजराचं पिल्लू सापडलं. डोळे नुकते उघडलेले, केकाटत होतं. मी ते पिशवीत घातलं आणि रिक्षा करून थेट निवाऱ्यावर आले. वाटलं, केवढं पुण्याचं काम. तुम्ही दारात खुर्ची टाकून तुरीच्या शेंगा सोलत होता. पिशवीत डोकावलात आणि विचारलंत, "ह्याची आई कुटंय?"

"माहीत नाही. एकटंच होतं."

"एकटं न्हाई, आई भाकर कमवायला गेली आसंल त्याची. तुमी कावून उचललं?"

"अहो, रडत होतं ते!"

"बाई, तुमचं लेकरू रडलं आन् कुनी उचलून नेलं, तर त्याला काय म्हनतेत? चोरी म्हनतेत. जावा, जितून आनलं तितं ठिवा. आन् लांब बसा. आई आली न्हाई तर मग या माझ्याकडं."

मला इतका राग आला की रिक्षात बसल्यावर कान गरम झाले. गेले परत. खेळाच्या खोलीसमोरच्या ओट्यावर दीड तास बसले. मग एक हडकुळी मांजरी खिडकीतून आत उतरली आणि बाहेर आली तेव्हा तिच्या तोंडात ते पिल्लू होतं. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याच आठवड्यात रविवारी मी तुमच्याकडे आले आणि म्हणाले, मला इथं काम करायचंय. तुम्ही माझ्या हातात झाडू दिलात आणि भुश्याचे ट्रे दाखवलेत. "आदी घाण काढायला शिका. माया नंतर."

माया करायला तुम्ही कधीच शिकवलं नाहीत. बाकी सगळं शिकवलंत. चिघळलेल्या डोळ्यांत औषध कसं घालायचं, नखं लागू नयेत म्हणून मांजराला जुन्या टॉवेलात कसं गुंडाळायचं, दूध पाजून पिल्लांची पोटं कशी बिघडतात, मच्छीबाजारातून डोकी आणून भातात कशी शिजवायची. भेदरलेलं मांजर कपाटाखाली जाऊन बसलं की मी आपली वाकून वाकून त्याला बोलवायची. तुम्ही म्हणायचात, "त्याच्याकडं बघू नका. पाठ करून बसा आन् आपलं काम करा. त्याला समजू द्या की तुमाला त्याच्याकडून काई नको." आणि तुम्ही पाठ करून लसूण सोलत बसायचात. कधी तास, कधी दोन तास. मधे मधे शिंका. मग कपाटाखालून एक नाक बाहेर यायचं.

पण ही सगळी कामं तर कुठल्याही निवाऱ्यात होतात. तुम्ही जे करत होता ते मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही, आणि शोकसभेत नेमकं त्याच्याबद्दल कुणी बोललं नाही.

ते कसं सुरू झालं हे तुम्ही मला एकदाच सांगितलं होतं. तेव्हा हा निवारा नव्हता. रस्त्याला लागून तुमच्या मालकांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं आणि पंक्चरचं दुकान होतं. दिवाळी झाली की ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांचे ट्रक त्याच रस्त्यानं निघायचे. अख्खी बिऱ्हाडं वर चढलेली, भांडी, गोधड्या, शेळ्या, लेकरं. एक ट्रक टायरसाठी थांबला आणि वरच्या गाठोड्यातून मांजर ओरडलं. घरातलं मांजर गोधडीत शिरून बसलं होतं. मुकादम म्हणाला, फेका खाली. त्या बाईनं मांजर छातीशी धरलं, खाली उतरली आणि दुकानात बसलेल्या तुम्हाला म्हणाली, "ठिवता का? आमी आल्यावर नेऊ."

"मी कावून घ्यायचं?" तुम्ही म्हणाला होता. मांजराला हात लावायलाही तुम्ही तयार नव्हता.

"मग कुनाला देऊ? घराला कुलूप घातलंय," ती म्हणाली.

तुम्ही घेतलंत. पाच महिने सांभाळलंत, शिंकत शिंकत. चैतात ती आली आणि घेऊन गेली. पुढच्या साली तिच्याच गावातल्या तीन बायका आल्या. त्याच्या पुढच्या साली नांदूरघाटच्या बाजूच्या वस्त्यांवरून आल्या. मालक वारले, दुकान बंद झालं, शेजारी हा निवारा उभा राहिला तेव्हा मागची पोत्यांची खोली मांजरांसाठी म्हणून तुमच्या ताब्यात दिली गेली. तुम्ही त्या खोलीचे दोन भाग केलेत. एका बाजूला रस्त्यावरची, गाडीखाली सापडलेली, कुणीतरी गोणीत भरून आणून टाकलेली मांजरं. ती बरी करायची आणि चांगलं घर बघून द्यायची. दुसऱ्या बाजूला फळांच्या पेट्यांमध्ये ही, कुलूप लावून गेलेल्या घरांतली. त्यांना तुम्ही अमानत म्हणायचात, म्हणजे विश्वासानं दिलेली ठेव. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं एखाद्या बोक्याचं नाव आहे.

दिवाळीनंतरच्या त्या आठवड्यात मी शाळा सुटल्यावर मुद्दाम यायची, ते बघायला. ट्रक फाटकासमोर थांबायचा. ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसायचा. बाई उतरायची, बगलेत डालगं नाहीतर तोंड बांधलेली पिशवी. बोलणं दोन वाक्यांचं. "ह्यो बोका हाय, आपा. भाकर खातो, भाताला तोंड लावत न्हाई." "बरं. जा तू." ती वळायची, ट्रकमध्ये चढायची, आणि तुम्ही पिशवीचं तोंड न सोडता आत निघून जायचात. मला वाटायचं ह्या बाईला काळीज आहे की नाही. दोन शब्द धीराचे तरी बोलावेत. मी तसं म्हटलं तर म्हणालात, "धीर कशाला? ती मरायला चालली का? कामाला चालली. परत यील."

आता त्या भांडणाकडे येते. आपा, आज तुम्हाला मधे बोलता येणार नाही, म्हणून मी सगळं नीट सांगणार आहे. माझी चूकसुद्धा.

चार वर्षांपूर्वी तुम्ही बहिणीच्या ऑपरेशनसाठी परळीला गेला होतात. मांजरांची खोली माझ्याकडे होती. गुढीपाडवा होऊन गेला, बाकीची माणसं आली, आपापली मांजरं घेऊन गेली. एक राहिली. सोनेरी, पायात पांढरे मोजे घातल्यासारखी, मुक्ताची हरणी. मुक्ता आली नाही, निरोप आला नाही. मी मनाशी ठरवून टाकलं की आता ती येत नाही. गावात नव्यानं बदली होऊन आलेल्या एका इंजिनिअरच्या बायकोला मांजर हवं होतं. मी त्यांचं घर पाहिलं. कूलर, स्वच्छ फरशी, मांजरासाठी आधीच आणून ठेवलेली गादी. मी हरणी देऊन टाकली. फोटोही काढला.

तुम्ही परत आलात त्याच्या दुसऱ्या दिवशी मुक्ता आली. कारखाना उशिरापर्यंत चालला होता, एवढंच. चेहरा उन्हानं काळवंडलेला, हातावर उसाच्या पाचटानं कापल्याच्या रेघा. तिनं खोलीत पाहिलं, पेटी रिकामी. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत.

"कुटंय?"

मी सांगितलं. इंजिनिअर, कूलर, गादी. सांगता सांगता माझा आवाज बारीक होत गेला.

"चला," तुम्ही म्हणालात.

आपण तिघी रिक्षातून गेलो. त्या मॅडमनी आपल्याला आत बोलावलं, पाणी दिलं. वाईट बाई नव्हती ती. हरणी सोफ्यावर झोपली होती. दहा-बारा दिवसांतच अंगावर तुकतुकी आली होती. मॅडमना विषय कळला तशा त्या म्हणाल्या, "अहो, पण हिचं इथं सगळं नीट होतंय. त्या झोपडीत काय खाणार ती?" मग मुक्ताला विचारलं, "तुम्ही दिवाळीनंतर परत कुलूप लावून जाणारच ना?"

मुक्ता म्हणाली, "जाईन की. आन् परत येईन की."

मॅडम माझ्याकडे पाहायला लागल्या. मी तुमच्याकडे. तुम्ही ओढणी सारखी केलीत आणि म्हणालात, "मॅडम, तुमच्याकडं सगळं हाय, ते लई खरं हाय. पर मांजर हिचं हाय. मी ठिवून घेतलतं. देऊन टाकायचा हक मला न्हवता, तर ह्या बाईंना कुटून आसंल?"

मुक्तानं हरणीला उचललं. हरणीनं तिला ओळखलं असं म्हणायला काहीच जागा नव्हती. तिनं मुक्ताच्या हातावर पंजा मारला, रक्त काढलं. मुक्तानं तरी तिला पिशवीत घातलं आणि आपण निघालो.

येताना मी गप्प बसायला हवं होतं. बसले नाही. म्हणाले, "मांजरानं ओळखलंसुद्धा नाही, आपा. तिला तिथं सुख होतं. मांजराला विचारलं असतं तर ते काय म्हणालं असतं?"

"माझ्या भावाच्या पोरीनंबी मला दोन साल वळखलं न्हवतं. म्हनून काय मी तिची फुपी न्हाई का?"

"ते वेगळं."

"काय येगळं? गरिबाचं हाय म्हनून येगळं? त्या मॅडम मुंबईला सुट्टीवर जातील आन् मांजर ठिवतील, तर तुमी तवा दुसऱ्याला देऊन टाकताल का?"

शिक्षिकेला उत्तर आलं नाही की ती चिडते. मी आठ दिवस निवाऱ्यावर आले नाही. नवव्या दिवशी आले तेव्हा तुम्ही न बोलता झाडू पुढे केलात, आणि मीही तो न बोलता घेतला. पण भांडण मिटलं नव्हतं. पुढची चार वर्षं ते आपण सुट्ट्या हप्त्यांत भांडत राहिलो. भुसा चाळताना, औषध घालताना. मी म्हणायची, जिवाचं हित आधी. तुम्ही म्हणायचात, ज्याचं त्याचं आधी. गावातली माणसं तुम्हाला येता-जाता टोचायची, "आपा, मांजरांचं करता, जरा माणसांचंबी करा की." तुम्ही शिंकत म्हणायचात, "मानसांचंच करते बाबा."

ते वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं. मला ते उडवाउडवीचं वाटायचं.

गेल्या दिवाळीनंतर चौदा मांजरं आली. तुमचे पाय तेव्हाच सुजत होते. मला दिसत होतं. विचारलं की म्हणायचात, उभं राहून राहून सुजलेत. धाप लागायची तर म्हणायचात, केसांनी होतं. आपा, ह्या एका भांडणात मी तुमची बाजू ऐकूनसुद्धा घेणार नाही. डोळ्यात चिकट आलेल्या पिल्लाला तुम्ही त्याच दिवशी डॉक्टरकडे नेत होता आणि स्वतःचं हृदय थकत चाललंय हे तुम्ही सहा महिने केसांवर ढकललंत. माझ्याजवळसुद्धा. अंबाजोगाईला दवाखान्यात नेलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी मला विचारलं, तुम्ही यांच्या कोण? मी म्हणाले, आम्ही एकत्र काम करतो. मग त्यांनी विचारलं, इतके दिवस तुमच्या लक्षात कसं आलं नाही? त्या प्रश्नाचा राग मी अजून तुमच्यावर धरून आहे.

घरी आणल्यावर तुम्ही पहिली गोष्ट विचारलीत ती चौदा मांजरांची. कोण कुणाचं, हे सगळं तुमच्या डोक्यात होतं. मी किती वेळा म्हटलं होतं, लिहून ठेवू. "मला ध्यानात हाय," एवढंच तुमचं उत्तर. आता तुम्हीच म्हणालात, "वही काढा बाई." मी मोबाईलवर एकेका मांजराचा फोटो काढून आणला. एकेक फोटो तुमच्या डोळ्यांसमोर धरायचा, तुम्ही श्वास घेत घेत सांगायचं, मी लिहायचं. काळी, शेपटीचं टोक पांढरं, शिंदूबाईची, नांदूरघाटच्या अलीकडची वस्ती, भाकर दुधात कुस्करून लागते. लंगडा बोका, दोघी जावांचा, दोघींपैकी कुणालाही दिला तरी चालेल, पण दोघींना सांगून. पट्ट्यापट्ट्यांची, हिच्या मालकिणीचं लेकरू तोतरं बोलतं, मांजराशी बोलताना तोतरेपण जातं, म्हणून ही आधी द्या. मी लिहिता लिहिता थांबले. मांजरांची यादी करायला बसले होते आणि वहीत माणसं उतरत होती.

तेरा झाली. चौदाव्या फोटोला तुम्ही थांबलात. करडी मांजरी, एक कान फाटलेला. बराच वेळ पाहिलंत. कपाळाला आठ्या पडल्या.

"आठवंना गं," तुम्ही म्हणालात.

नऊ वर्षांत मला पहिल्यांदाच गं म्हणालात. कायम बाई, तुमी. मी म्हटलं, राहू द्या, उद्या आठवेल. तुम्ही माझा हात धरलात, फार घट्ट, आणि म्हणालात, "कुनीतरी मला इस्वासानं दिली आन् मी इसरले." तुमच्या डोळ्यांत पाणी मी तेव्हाच पाहिलं. मालक गेल्याचं सांगतानासुद्धा आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशीही आठवलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात.

दुपारी तुम्हाला नेलं. कब्रस्तानात बायका जात नाहीत. मी तुमच्या दारात उभी राहिले, माणसं गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत. घरात तुमची बहीण बायकांच्या गराड्यात होती. मी चपला घातल्या आणि निवाऱ्यावर आले, कारण मांजरांची खायची वेळ टळून गेली होती. भात शिजवायला लावला. फाटकावर कुणीतरी म्हणालं, "बाई, आज तरी राहू द्या." मी म्हटलं, "कशाला राहू देऊ? त्यांचं कोण मेलंय?" असं बोलायला नको होतं. पण तुम्ही असता तर तुम्ही हेच म्हणाला असता, ह्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. सगळ्यांना वाढलं आणि मग मोठं पातेलं घासताना मला रडू फुटलं. नळ सोडून ठेवला, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

शोकसभेनंतर आठवडाभरात कमिटीची बैठक झाली. मला बोलावलं, म्हणजे सांगण्यासाठी बोलावलं. सचिव तसे सरळ माणूस आहेत, त्यांनी मुद्द्याचं मांडलं. जागा कमी आहे, रस्त्यावरची मांजरं वाढताहेत. "बाई, आपला निवारा बेवारस प्राण्यांसाठी आहे. ज्यांना मालक आहेत त्यांची सोय लावणं आपलं काम नाही. आपांपुढं कुणी बोललं नाही, ते जाऊ द्या. आता ही चौदा मांजरं चांगल्या घरी देऊन टाकू. घरं मी बघतो."

"ती बेवारस आहेत का?" मी विचारलं.

"नाहीत. तेच तर म्हणतोय मी."

"मग देऊन कशी टाकता?"

दुसरे एक सभासद म्हणाले, "पाच-पाच महिने सोडून जातात ती माणसं. त्यांना काय पडलंय मांजराचं?"

आपा, बरोबर हेच चार वर्षांपूर्वी मी म्हणत होते. शब्द जरा शुद्ध होते, एवढाच फरक. ते माझंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं आणि मला त्याची घाण वाटली. मी उभी राहिले. म्हणाले, "माझ्या वर्गातली कितीतरी पोरं दिवाळीनंतर आई-बापांबरोबर जातात. पाच महिने बाक रिकामे असतात. म्हणून आम्ही त्यांची नावं पटावरून काढत नाही. त्यांचे बाक दुसऱ्या गावच्या पोरांना देऊन टाकत नाही. ती येतात. काळी पडून, हडकून, पण येतात. ज्यांना पोटासाठी घराला कुलूप लावावं लागतं त्यांचं कुलपामागचं सगळं आपलं झालं, असं कुणी ठरवलं?"

"बाई, हा भावनेचा प्रश्न नाही," सचिव म्हणाले.

"नाहीच. आपांना मांजरं आवडत नव्हती हे मी सभेत सांगितलं होतं. त्यांनी ठेव सांभाळली. ती मालकाच्या हातात पडेपर्यंत मी खोलीची किल्ली देणार नाही. ठराव करा, पोलिसांत जा, मला निवाऱ्यातून काढा. शाळेत माझी अजून सात वर्षं नोकरी आहे आणि मला पळून कुठं जायचं नाही."

किल्ली अजून माझ्याकडे आहे. ठराव अजून झालेला नाही. सचिव माझ्याशी बोलत नाहीत, पण भुश्याची पोती मात्र वेळेवर पाठवतात. ती माणसं वाईट नाहीत, आपा. तुम्ही असता तर लसूण सोलत बसला असतात, तास, दोन तास, आणि ते आपोआप जवळ आले असते. मला तेवढं जमत नाही. मी भांडते.

तुमचं बरोबर होतं हे मी तुम्हाला कधीच म्हणाले नाही. यादी लिहिताना ओठांवर आलं होतं. पण मला वाटलं, आता म्हटलं तर तुम्हाला कळेल की तुम्ही जाणार हे मला कळलंय. म्हणून गिळलं. आता म्हणते. तुमचं बरोबर होतं. हरणी त्या सोफ्यावर जास्त सुखात होती, हे मी आजही मागे घेणार नाही. पण जास्त सुख देता येतं म्हणून कुणाचं काही काढून घ्यायचं नसतं. एवढी साधी गोष्ट कळायला मला चार वर्षं आणि तुमचं मरण लागलं. तुम्ही सातवी शिकलेल्या, मी एम. ए.

परवा तुमचा चाळिसावा झाला. काल दुपारी फाटकासमोर पहिली गाडी थांबली. शिंदूबाई उतरली. पाय सुजलेले, ओठ फुटलेले, हातात कागदात बांधलेली गुळाची ढेप. कोल्हापूरकडून तुमच्यासाठी आणलेली. माझ्याकडे बघून हसली आणि माझ्या खांद्यावरून आत पाहत विचारलं, "आपा कुटं हायत?"

मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. ती पायरीवर बसली. ढेप मांडीवर. गाडीतल्या माणसानं हॉर्न दिला तर तिनं त्याच्याकडे न बघता हात वर केला, थांब म्हणून. मग म्हणाली, "आन् मांजर?"

"आहे की," मी म्हटलं. "भाकर दुधात कुस्करून देत होते."

तिला आत नेलं. करडी मांजरी शेजारच्याच पेटीत होती, ती मी शिंदूबाईला दाखवली, कुणाची ते ओळखू येतं का म्हणून. तिनं मान हलवली. मग काळीला मानेला धरून उचललं, उलटीपालटी करून पाहिली, जशी बाई बाजारात पातेलं बघते, आणि पिशवीत घातली. गुळाची ढेप माझ्या हातात दिली. मी नको म्हणायला लागले तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. ज्यानं सांबाळलं त्याचा."

फाटकाजवळ जाऊन ती थांबली. ऑफिसच्या दारात सचिव उभे होते, हातात कसलेसे कागद. शिंदूबाईनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. कुणाला विचारावं हे तिला समजत नव्हतं. शेवटी दोघांच्या मधे कुठेतरी बघत तिनं विचारलं, "मग फुडल्या साली कुनाकडं ठिवायचं?"

"माझ्याकडं," मी म्हणाले. सचिवांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.